चाळीस पाहिजेत तर तीन लाख वीस लिहा

सहकाराचा पाया विश्वास हा आहे, आणि म्हणूनच प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार लागतात. निपाणीच्या भरभराट सौहार्द पतसंस्थेनं हे तत्त्व स्थापनेपासून इतकं काटेकोर पाळलं, की सभासदाच्या शब्दावर विसंबायची वेळ संस्थेवर कधी आलीच नाही. सभासदही तयारीचे. ज्याला पन्नास हजार हवेत तो एक लाख मागायचा, कारण मॅनेजर वीरेंद्र निम्मे कापणार हे त्याला ठाऊक. आणि वीरेंद्र निम्मे कापायचा, कारण यानं दुप्पट मागितलेत हे त्याला ठाऊक. हवे तेवढे पैसे घेऊन सभासद घरी जायचा, आणि तेवढेच वाचवले म्हणून वीरेंद्र चहा मागवायचा. एका व्यवहारात दोन माणसांना समाधानी करणारी पद्धत दुसरीकडं कुठं असेल तर ती अजून उजेडात आलेली नाही.

या सुखी संसारात संगणक आणावा असं चेअरमन पद्मराज अण्णांच्या मनात आलं. बेळगावला कॅम्पात एका पाहुण्याच्या ऑफिसात त्यांनी तसं मशीन पाहिलं होतं. पडद्यावर बोट टेकवायचं, रक्कम, व्याजाचा दर आणि मुदत भरायची, की खाली महिन्याचा हप्ता हजर. मधे माणूस नाही, जामीनदार नाही, चहा नाही. अण्णांना ते फारच आवडलं. वार्षिक सभेत आपल्याही मशीनचं उद्घाटन करायचं असं त्यांनी गाडीतच ठरवलं आणि निपाणी येईपर्यंत ड्रायव्हरकडून त्याला अनुमोदनही घेतलं.

काम आलं संघर्षकडं. संघर्ष हा संस्थेचा तात्पुरता संगणक सहायक. संस्थेत तात्पुरत्या गोष्टी दोनच होत्या, एक संघर्ष आणि दुसरा जिन्यावरचा पत्रा; आणि पत्रा अकरा वर्षांपूर्वी घातलेला. संघर्षला तर तीनच वर्षं झाली होती, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. पण सांबऱ्याची सुविधा त्याला पसंत होती, सुविधाला तो पसंत होता, आणि सुविधाचे वडील मायाप्पा दर रविवारी फोन करून एकच प्रश्न विचारायचे, "पर्मनंट झालास काय रं?" माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त एका शब्दाचं उत्तर हवं होतं, आणि तो शब्द 'व्हय' असायला हवा होता.

"सभेपतूर मशीन बिनतक्रार चालीव," अण्णा म्हणाले. "त्याच स्टेजवर तुझी पर्मनंटची ऑर्डर देतो बघ. मग वाजीव बँडबाजा."

संघर्ष झपाटून कामाला लागला. तीन रकाने, एक हिरवं बटण, खाली हप्ता. स्वतःच आकडे भरून बघितले, उत्तर बरोबर आलं. लिहिणारा आणि तपासणारा एकच असला की कामात असा एकोपा असतो. मग सरावासाठी मशीन हॉलमध्ये उभं केलं आणि सभासदांना बोट टेकवायला सांगितलं. पहिल्या दिवशी सभासदांनी भरलेली माहिती अशी होती:

रक्कम: 'लागंल तेवढी'. 'गेल्या साली भावकूला दिलासा तेवढी'. 'आधी देणार हाय काय ते सांगा'.

दर: 'कमी'. 'तुमचं-आमचं काय ठरवायचं'.

मुदत: 'तंबाखू विकली की'. 'उसाचं बिल आल्यावर'. 'थोरलीचं लगीन उरकू दे'.

यातली सगळी उत्तरं खरी होती. (मशीनला एकही कळलं नाही.) बेळगुंदीहून लेकीकडं आलेल्या मष्णूंनी मात्र रीतसर आकडा भरला. दराच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. शून्यानं भागायची वेळ आल्यावर मशीनचा पडदा जागच्या जागी थिजला आणि मष्णू दोन तास काउंटरसमोर ठाण मांडून बसले.

"बिनव्याजी द्या म्हटलो, मशीन गप बसलं. गप बसलं म्हणजे कबूलच की!"

लग्नाच्या बोलणीत हा न्याय सर्रास चालतो, त्यामुळं वीरेंद्रला तो चटकन खोडता येईना. शेवटी चहा पाजून मष्णूंना लेकीच्या घरी पोचवण्यात आलं.

मग संघर्षनं पडताळणी घातली. म्हणजे दारात राखणदार बसवला म्हणा ना. आकड्याशिवाय काही आत सोडायचं नाही. रक्कम पाच हजार ते दोन लाख, दर नऊ ते चौदा टक्के, मुदत एक ते पाच वर्षं. यात न बसणारं काही आलं की लाल अक्षरांत 'चुकीची माहिती' असं दाखवायचं. मशीनला शहाणपण आलं. शहाणपणामागं भांडण येतंच, तसं तेही आलं.

भावकू हे संस्थेचे स्थापनेपासूनचे सभासद. त्यांना दोन लाख हवे होते, म्हणून त्यांनी रिवाजानुसार चार लाख लिहिले. पडदा लाल झाला. मागं रांग उभी होती आणि त्या रांगेत भावकूंचे व्याही होते.

"माझं चुकलं म्हणणारं ह्ये कोण?" भावकू कडाडले. "ह्या संस्थेची पयली पावती माझ्या नावावर हाय! तवा ह्ये मशीन कुठं होतं?"

संचालक मंडळाची तातडीची बैठक बसली. मशीननं सभासदाला चूक म्हणू नये, असा ठराव एकमतानं झाला, आणि लाल अक्षरांच्या जागी निळ्या अक्षरांत पुढील मजकूर आला: 'आपलं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते इथं बसत नाही.' हा मजकूर मराठीत वर असावा की कन्नडमध्ये वर असावा, यावर मंडळाचे साडेतीन तास गेले. अखेर दोन्ही भाषांना समान न्याय म्हणून ओळी दर सेकंदाला आलटून पालटून दाखवायचं ठरलं. त्यामुळं कुणालाच कुठलीच ओळ पुरती वाचता येईना आणि भाषेवरून एकही तक्रार आली नाही. इतक्या जुन्या भानगडीवर इतका स्वस्त तोडगा कुणी काढला असेल असं वाटत नाही.

पण भावकूंचे चार लाख अजून बाहेरच उभे होते. त्यावर वीरेंद्रनं मार्ग सुचवला.

"चार लाख लिवू देत की. मशीननं आतल्या आत निम्मं करायचं. मी तेच करतोय न्हवं?"

"पण अण्णा, मशीनला खोटं कशाला शिकवायचं?" संघर्षनं विचारलं.

"खोटं न्हाय रं येड्या," अण्णा मायेनं म्हणाले. "रीत हाय ती."

संघर्षनं भागिले दोन घातलं. मशीन आतल्या आत निम्मं करतंय ही बातमी दुपारपर्यंत चहाच्या गाड्यावर पोचली, आणि दुसऱ्या दिवसापासून शहाण्या सभासदांनी दुपटीचीही दुप्पट लिहायला सुरुवात केली. एकाला लाख हवे होते, त्याला दोन मिळाले आणि तो ते घेऊनही गेला. वीरेंद्रला तीन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून भागिले चार झालं. मग लोकांनी आठपट लिहिली, म्हणून भागिले आठ झालं. मध्यंतरी शून्यावर संपणारी रक्कम घरी न्यायची नाही म्हणून काही जणांनी वर एक रुपया लावला, तर त्या रुपयाचे आठ भाग करताना मशीन पैशांत बोलू लागलं. त्यावर 'शकुनाचा रुपया' असा वेगळा रकाना देण्यात आला. (त्यात फक्त एक हा आकडा चालतो. एकानं अकरा लिहिले. त्याचंही म्हणणं बरोबर होतं, फक्त ते तिथं बसत नव्हतं.)

या सुधारणांनंतर संस्थेनं शंभर सभासदांची पाहणी केली. सत्त्याण्णव जणांना मशीन अगदी माणसासारखं वाटलं. उरलेल्या तिघांना ते थेट वीरेंद्रसारखं वाटलं.

सगळं असं रांगेला लागलेलं असताना ऑडिटर आले. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "लोक जे भरतात ते खरं कशावरून?"

हा प्रश्न संस्थेत पूर्वी कुणाला पडलेला नव्हता. 

"त्यात काय," अण्णा म्हणाले, "त्यांच्याकडनंच तसं लिवून घ्या की."

म्हणून हिरव्या बटणाच्या वर एक बारीक चौकोन आला. त्यापुढं वाक्य होतं: 'वरील माहिती खरी असून संस्थेचे नियम व अटी मी वाचून समजून घेतल्या आहेत.' चौकोनात टिक केल्याशिवाय बटण पेटत नसे. (नियम व अटींचा मसुदा करायला उपसमिती नेमलेली होती. तिची पहिली बैठक अजून व्हायची होती.) ऑडिट संपेपर्यंत एकाही सभासदाचं बोट त्या चौकोनापाशी अडखळलं नाही. जे नियम अजून कुणी लिहिलेच नव्हते ते शंभर टक्के सभासदांनी वाचून समजून घेतले, आणि हवी त्याच्या आठपट रक्कम ही खरी माहिती असल्याचं शंभर टक्के सभासदांनी मान्य केलं. ऑडिटरनी तसा चांगला शेरा मारला. इतकी वाचनाची आवड असलेली संस्था आपण पाहिली नाही, असंही ते जाताना म्हणाले.

सभेचा दिवस आला. मंडप भरला. मशीन स्टेजवर उभं केलं, त्याचा पडदा मागच्या मोठ्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. तिसऱ्या रांगेत सांबऱ्याहून खास आलेले मायाप्पा नवा फेटा बांधून बसले होते. ऑर्डरचं पाकीट अण्णांच्या जाकिटाच्या खिशात होतं आणि त्याचा कोपरा संघर्षला दिसत होता. आता उद्घाटनाला पहिलं बोट कुणाचं, एवढंच राहिलं होतं. बाहेरच्या माणसानं ऐनवेळी घोळ घालू नये म्हणून संघर्षनं घरचंच माणूस आणलं होतं, त्याची तानीबाई मावशी.

संघर्षची आई तो लहान असतानाच गेली. तानीबाईनं विड्या वळून त्याला इंजिनिअर केलं. आता विड्यांना बोटं साथ देत नव्हती, म्हणून तिला शेवयाचं मशीन घ्यायचं होतं. त्याला चाळीस हजार लागत होते. तिला कर्ज मिळेल, मशीनचं उद्घाटन होईल, आपण पर्मनंट होऊ, असा तिहेरी हिशेब संघर्षनं मांडला होता. फक्त आठपट लिहायचं हे तिला सांगायचं तो विसरला. सगळ्या निपाणीला माहीत असलेली गोष्ट घरच्या माणसाला काय सांगायची?

मावशीनं पदर खोचला, मशीनला हात जोडले आणि एक बोट काढून लिहिलं, चाळीस हजार. दर बारा. मुदत एक वर्ष. मोठ्या पडद्यावर उत्तर उमटलं: 'मिळू शकणारी रक्कम पाच हजार. मासिक हप्ता चारशे चव्वेचाळीस.'

"पाच हजारात शेवयाचं मशीन न्हाय, चाळण येतीया," मावशी म्हणाली. "बिघडलं काय रं ह्ये?"

मंडपात खसखस पिकली. अण्णांनी माइकवर हात ठेवला आणि खाली वाकले.

"मावशी, तीन लाख वीस हजार लिवा."

"कशाला? मला चाळीस पायजेत."

"व्हय, म्हणूनच तीन लाख वीस लिवा."

"चाळीस पायजेत म्हणून चाळीस लिवलं तर काय हुतंय?"

"पाच मिळत्यात. बघितलासा न्हवं आत्ता?"

मंडपातूनही "लिवा की मावशी!" असा ओरडा सुरू झाला. भावकू तर उभे राहून बोटांनी तीन आणि दोन दाखवू लागले. मावशीनं मान हलवली, "तुमची रीतच असंल तर लिवते बाबा," म्हणाली आणि तीन लाख वीस हजार लिहिले. पडद्यावर चाळीस हजार आले, हप्ता तीन हजार पाचशे चोपन्न. टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडवाल्यानं ताशावर काठी मारली.

"आता त्या चौकोनात टिक करा आन हिरवं बटण दाबा," वीरेंद्र म्हणाला.

मावशी चौथीपर्यंत शाळेत गेलेली. वाचायचं तर मोठ्यानं आणि शेवटपर्यंत वाचायचं, हे तिला तिथं छडीनं शिकवलं होतं. तिनं ते वाक्य एकेक शब्द सुटा करून माइकवर वाचलं आणि बोट मागं घेतलं.

"खरी कुठं हाय? आत्ताच तुमी सगळ्यांनी मिळून तीन लाख वीस लिवाय लावलासा. आता परत खरं हाय म्हणा म्हणतासा. दोनीतलं एक कायतर धरा की! आन नियम कुठं हायत? आणा, वाचते. मला काय घाई न्हाय."

अण्णांनी वीरेंद्रकडं बघितलं. वीरेंद्रनं उपसमितीच्या अध्यक्षांकडं बघितलं. उपसमितीच्या अध्यक्षांनी पंख्याकडं बघितलं. पंखा फिरत होता, तेवढं एकच काम मंडपात सुरळीत चाललेलं होतं. तिसऱ्या रांगेत मायाप्पा पुढं वाकले. अण्णांचा हात खिशातल्या पाकिटावर गेला, आणि ते बाहेर काढण्याऐवजी त्यांनी ते आत ढकललं. संघर्षनं ते पाहिलं.

मावशीचं बरोबर होतं. ते त्याच्याइतकं त्या मंडपात कुणालाच कळत नव्हतं, कारण ते भागिले आठ त्याच्याच हातचं होतं. पण सुविधाही होती, मायाप्पाही होते आणि तीन वर्षांचा तात्पुरता पगारही होता. संघर्ष पुढं झाला, मावशीच्या खांद्यावरून हात घातला आणि चौकोनावर स्वतःचं बोट टेकवलं. टिक झालं. त्यानं बटणही दाबलं. पडदा हिरवा झाला, ताशा कडकडला, टाळ्या पडल्या.

त्याला लाज वाटली. अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत वाटली.

"मावशी, नुसतं टिक हाय गं ते," तो हळूच म्हणाला.

"नुसतं असतं तर मी केलं नसतं व्हय?" मावशी म्हणाली. "तुझं बोट टेकलंय, आता पैसं बी तूच उचल." तिनं पिशवी घेतली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून चालू लागली. भावकूंनी तिला वाट करून दिली, पण तिच्या तोंडाकडं त्यांनी बघितलं नाही.

झाल्या प्रकाराची मंडळानं तिथंच दखल घेतली. मशीन निर्दोष असून सदर सभासदाचा वापर अवैध होता, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. चाळीस हजार मावशीच्या नावावर मंजूर झाले ते आजतागायत तसेच पडून आहेत. शेवयाचं मशीन तिनं पुढं बायकांच्या भिशीतून घेतलं. तिथं रकाने नसतात. एकमेकीच्या तोंडाकडं बघून आकडा सांगायचा असतो, त्यामुळं तो निम्मा करायची सोय नाही. (सहकार खात्याच्या दृष्टीनं ही पद्धत अगदीच मागासलेली आहे.) संघर्षशी तिचं बोलणं बंद झालं नाही. ती त्याला पूर्वीसारखंच जेवायला वाढते. फक्त वाढताना पूर्वी ती "आनिक घालू काय?" म्हणून विचारायची, आता विचारत नाही, आणि ते त्याला फार लागतं.

त्या दिवशी मात्र अण्णांनी पाकीट बाहेर काढलं आणि संघर्षच्या हातात ठेवलं. ऑर्डर सहा पानी होती. पहिल्या पानावर जाड अक्षरांत 'कायमस्वरूपी नेमणूक', मधल्या पानांवर बारीक अक्षरांत सव्वीस अटी, आणि शेवटच्या पानावर 'वरील सर्व अटी वाचल्या असून मान्य आहेत' या वाक्याखाली सहीची जागा. फोटोग्राफर ताटकळला होता, मायाप्पा स्टेजवर चढत होते. संघर्षनं पहिलं पान बघितलं, शेवटच्या पानावर सही केली.

"वाचलास न्हवं नीट?" मायाप्पांनी विचारलं.

"व्हय," संघर्ष म्हणाला. मायाप्पांनी तिथल्या तिथं लग्नाची तारीख धरली.

एकोणिसावी अट अशी आहे: 'ही कायमस्वरूपी नेमणूक पुढील आदेश होईपर्यंत तात्पुरती समजण्यात यावी.' संघर्षनं ती अजून वाचलेली नाही, आणि लग्न तोंडावर असल्यामुळं त्याला ती कुणी वाचून दाखवलेलीही नाही.

हसू येतंय ना? येऊ दे. सही करायच्या आधी माणसानं वाचू नये का, असंही मनात आलं असेल. बरोबरच आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये पंचवीस-तीस तरी ॲप असतील, आणि त्या प्रत्येकाच्या दारात 'वाचलं, समजलं, मान्य आहे' असं बोट टेकवूनच तुम्ही आत गेलेले आहात. त्यातल्या कुठल्याही एकाची एकोणिसावी अट आठवते का बघा. आठवत नसेल तर काळजीचं कारण नाही. तुमची माहिती वैध धरलेली आहे.